अकरावं घर

लालबाग, शनिवार

तीर्थरूप आत्यास, विनीतचा नमस्कार. (डोकं टेकवूनच करतोय, वर करायला तोंड राहिलेलं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? दर्शनाने पाठवलेलं तेल लावतेस की नेहमीसारखं शेजारणीला देऊन टाकलंस? इथे आम्ही सगळे बरे आहोत. बाबांची साखर ताब्यात आहे, म्हणजे तसं बाबा म्हणतात. तू माझा फोन उचलत नाहीस, चुकून उचललास तर आवाज ऐकून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी कुणाला हाताने पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर लागलं नाही तर सुनेकडून वाचून घे. (नको, प्रियाकडून नको. तिच्यापुढे तरी थोडी अब्रू राहू दे.)

आत्या, आधी माझा धंदा समजून घे, म्हणजे शिव्या घालताना त्या नेमक्या घालता येतील. मी घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवतो. ऑफिस नाही, साहेब नाही, तांदळाच्या डब्यावर लॅपटॉप आणि खाली मी. गिऱ्हाइकांना सगळं स्वस्तात हवं असतं, म्हणून माझी सगळी हत्यारंही फुकटची. फोटो कापायचं फुकट, पानं रचायचं फुकट, तारखा आणि याद्या दाखवायचंही फुकट. आता फुकट म्हणजे कसं, तर मिक्सर फुकट देतात आणि झाकणाचे वेगळे घेतात, तसं. काम अगदी रंगात आलं की पडद्यावर छोटं कुलूप येतं आणि म्हणतं, पुढचं हवं असेल तर पैसे भरा. मी गेली कित्येक वर्षं अशी कुलपं चुकवत आलोय आणि त्याचा मला, खोटं कशाला सांगू, माज होता. आमच्याच गल्लीतली नूपुर हेच काम करते, ती रीतसर पैसे भरते. मी तिला चारचौघांत हसायचो. हल्ली ती दिसली की मी रस्ता ओलांडतो.

तर मंडळाचं. आपल्या गावकीच्या इथल्या खोलीत दिवाळीनंतर मीटिंग झाली, त्यात चिटणीस रामदासदादांनी ठराव मांडला की शिमग्याची वेबसाइट हवी. पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, कुणाच्या दारी कधी, सगळं मुंबईकरांना मोबाइलवर दिसलं पाहिजे, म्हणजे रजा टाकता येते. खर्चाचा विषय निघाल्याबरोबर सगळे छताकडे बघायला लागले. तेव्हा मी उभा राहिलो (कुणी उभं केलं नव्हतं) आणि म्हणालो, एक रुपया लागणार नाही. टाळ्या पडल्या. बाबांनी मागे वळून सगळे वाजवतायत ना ते बघून घेतलं. उद्घाटनाला महादेवकाकांनी लॅपटॉपपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, तुझ्या लेकराने हे जे काय केलंय ते गोड मानून घे, आणि सगळी खोली म्हणाली, व्हय महाराजा. मीही म्हणालो. देवीच्या फोटोवर आडवं एक इंग्रजी नाव उमटलं होतं. ते फोटो कापायच्या फुकट्या अॅपचं, पैसे न भरणाऱ्यांच्या कपाळी ते छापतातच. रामदासदादांना वाटलं कुणी देणगीदार आहेत, त्यांनी आभाराचा ठराव मांडला आणि तो एकमताने पास झाला. मी गप्प बसलो. तिथेच माझं चुकायला सुरुवात झाली.

आपल्या वाडीची यादी मी स्वतः भरली होती. मानकऱ्यांचं घर पहिलं, आमचं सातवं, आणि खाडीच्या अंगाला शेवटचं, अकरावं, तुझं. माझ्या पडद्यावर अकराही दिसत होती, आईशपथ. पण ते यादीचं फुकट हत्यार बनवणाऱ्याला सगळं दाखवतं आणि बाहेरच्यांना दहाच. अकराव्याला कुलूप. एकदा, नुसतं एकदा दर्शनाच्या मोबाइलवर उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. दर्शना म्हणालीही होती, दाखव जरा. मी नवरेपणाच्या तोऱ्यात म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. (हे वाक्य ती आता रोज मला परत ऐकवते, भाजी चिरताना.)

एरवी पालखीपुढे महादेवकाका चालतात, तेव्हा चुकण्याचा प्रश्नच नसतो. पण यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे परळला झालं आणि ते डोळ्याला हिरवा पडदा लावून आमच्याच खोलीत होते. पुढे चालायला दीपक आणि त्याची मुंबईची पोरं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. दहावं घर झालं. पुढे तुझं घर दिसत होतं, पण वेबसाइटवर नव्हतं. दीपकने त्याचा अर्थ काय लावला, तर तुझ्याकडे सुतक असणार. सुतकाच्या घरी पालखी जात नाही, आणि सणाच्या दिवशी दारात उभं राहून तुमच्याकडे कोण गेलं हेही कुणी विचारत नाही. तेव्हा पोरांनी शहाणपणाने ढोल थांबवले, माना खाली घातल्या आणि तुझ्या अंगणाच्या कडेने पालखी वळवून नेली. त्यांची चूक नाही गं. रीत त्यांनी बरोबर पाळली, माझ्या यादीमुळे ती चुकीच्या दारी पाळली गेली.

मी तेव्हा इथे, गावकीच्या खोलीत. एका जिमवाल्याचं पान त्याच दिवशी द्यायचं होतं म्हणून गावी आलो नव्हतो, आणि भरपाई म्हणून भिंतीवर पालखीचं थेट दर्शन लावलं होतं. (तेही फुकटचं. ते ठराविक वेळाने आपोआप बंद पडतं.) पालखी दहाव्या घरातून निघाली आणि भिंत पांढरी झाली. लोकांनी हात जोडले आणि चहाला गेले. तुझं दार कुणीच बघितलं नाही.

मग माझगावचं प्रकरण झालं, ते तुला अर्धवटच कळलं असेल. तुझ्या घरी सुतक म्हणजे गेलं कोण, यावर गावात विचार झाला आणि तुझे दीर जयवंतकाका, वयाने सगळ्यांत मोठे, त्यांच्यावर एकमत झालं. शिवडीला राहणारे आपले दोघे गाववाले संध्याकाळी पांढरे कपडे घालून माझगावला पोचले. दार जयवंतकाकांनीच उघडलं, हातात बांगड्याची तुकडी. दोघांनी काकांनाच नमस्कार केला आणि फार वाईट झालं म्हणाले. काका त्यांना जेवायला बसवून मग मला फोन करते झाले. मी आजवर इतक्या शिव्या एका दमात ऐकलेल्या नाहीत.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय खरं. पण दर्शनाच्या मोबाइलवर प्रियाने एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात सारवलेलं अंगण आहे, रांगोळी आहे, आणि तू ओटीचं ताट घेऊन पायरीवर उभी आहेस. ढोल थांबतात तेव्हा तू एकदा मागे घरात बघतेस, आपल्याच घरात खरंच काही झालंय का म्हणून. तेवढं बघून मी मोबाइल पालथा ठेवला. देवीसाठी ती हिरवी साडी घ्यायला तू गुडघे धरत दादरला आली होतीस, दुकानभर साड्या उलगडायला लावल्या होत्यास आणि मी कंटाळून म्हणालो होतो, आत्या, कुठलीही घे ना. ती साडी अजून ट्रंकेत आहे, असं कळलं. मला लाज वाटते गं. बाकी काही शब्द नाही त्याला.

दुरुस्तीचे प्रयत्न केले. दुसरं फुकट हत्यार आणलं, त्यात अकराही घरं आली, पण देवीच्या डोक्यावर पोट कमी करायच्या चूर्णाची जाहिरात हलायला लागली. मग यादीची दोन पानं करू म्हटलं, तर दुसऱ्या पानावर जायला एकही घर तयार नाही, मानपानाचा प्रश्न आहे म्हणतात. कुलपाचे पैसे गुपचूप मीच भरतो म्हटलं, तर रामदासदादा हात जोडून म्हणाले, बाबा रे, मी अहवालात एक रुपया खर्च नाही असं छापलंय, आता गाव मला विचारेल आधीचं खोटं का आत्ताचं. म्हणून पुन्हा तेच दहा घरांचं हत्यार. असो. औषधं वेळेवर घे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, तुला दोन्ही वेळा नमस्कार.

तुझा नालायक भाचा,
विनीत

ता. क. यादीत तुझं घर आता दिसतं. दहावं आहे, प्रियाला उघडून बघायला सांग. जागा करायला एक घर काढावं लागलं, ते मी आमचं काढलं. बाबांना अजून माहीत नाही. तर खरं काम हे की, पुढच्या शिमग्याला आमची ओटी तुझ्या अंगणात भरू देशील का? आम्ही सगळे येतो, हिरवी साडी आधी, आमची मागून. आणि हे बाबांना तूच सांग. मोठी बहीण म्हणून ते एका तुलाच घाबरतात.

ता. क. दुसरा. आमचं घर यादीतून गेलेलं बघून कुणी सुतक समजू नये, म्हणून मी वेबसाइटवर बाबांचा हसरा फोटो टाकला. फुकटात फुलांची एकच चौकट मिळत होती, ती लावली. सकाळपासून लोकांचे फोन येतायत, पहिला बाबांनीच उचलला. तुझ्या कानावर काही आलं तर विश्वास ठेवू नकोस, ते समोर बसून पोहे खातायत. खात्री करायची तर फोन कर. मी उचलला तर ठेवू नकोस.