कलांगनंतरची नदी

मंगळवार, १२ ऑगस्ट. तोआ पायोह, सिंगापूर.

मंदार काहीतरी लपवतोय. चौदा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एवढं तर कळतंच. सकाळी पहिला तांब्या डोक्यावर ओतताना तो नद्यांची नावं घेतो, गंगेपासून कावेरीपर्यंत. सासऱ्यांनी लावलेली सवय. शेवटी सिंगापूरची कलांग. आज कलांगनंतर दाराआडून "तेनो" ऐकू आलं.

ही कुठली? विचारलं, तर टॉवेल गुंडाळूनच व्याख्यान सुरू. "अगं, फिनलंडच्या अगदी उत्तरेची. फिनिश लोक तेनो म्हणतात, पण मूळ नाव तिथल्या सामी लोकांचं, देआत्नू. म्हणजे मोठी नदी."

"तुला कशाला हवंय हे?"

"सहज वाचलं."

सहज! या माणसाला काल डबा कुठे ठेवला ते आठवत नाही. मी शोधून पाहिलं. माहिती खरी आहे, म्हणून तर जास्त संशय येतोय. फिनिश लोकांनी सामींचंच नाव आपल्या जिभेवर बसेल असं करून घेतलं. ठीक. पण मंदारने ते कशाला घेतलं?

मग आत्ता भाजी चिरताना आठवलं. पुण्यात असताना कलांगसुद्धा अशीच एका सकाळी अचानक अंघोळीत आली होती. महिन्याभराने त्याने सांगितलं, सिंगापूरला बदली झालीय.

इराची शाळा, तिच्या मैत्रिणी, माझी नोकरी... नाही. विचारणारच नाही मी. उद्या त्याच्याआधी अंघोळीला जाईन. त्याला ऐकू जातील अशी मोठ्याने नावं घेईन, आणि कलांगपाशी थांबेन.