अदृश्य राजे, मशीन नंबर सात

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. फोनवर नाही, वहीत. फोन सगळं ऐकतो. परवा शिवाप्पाला नुसतं म्हणालो, पाठ दुखते, तर संध्याकाळपर्यंत मलमाच्या जाहिराती. शिवाप्पा माझा रूममेट, आमच्याच प्लास्टिक झाकणांच्या कंपनीत पॅकिंगला. तो म्हणतो, तूच दुपारी मलम शोधलं होतंस. शोधलं असेल. मुद्दा तो नाही.

ठराव: १ डिसेंबरला परमनंटची यादी लागते. तिच्यात टोकन ४१७, मशीन सात, म्हणजे मी, पाहिजेच. आठवी पास माणसाला बेंगळुरूच्या बोम्मसंद्र्यात कोण परमनंट करतो, असं गावात विचारणाऱ्यांना यादीचा फोटो पाठवायचा. शलाकाच्या वडिलांचा गडहिंग्लजहून निरोप आहे, कागद दाखवा, मग लग्नाचं बोलू.

सही ज्योतिबा अण्णांची लागते. आमचे सुपरवायझर, निपाणीचे, बावीस वर्षं इथेच. माझ्यावर जीव आहे त्यांचा. वेड एकच, क्रेटवर कार्ड पाहिजे: शिफ्ट, मशीन, टोकन. कार्ड नसेल तर साधं झाकणसुद्धा गेटबाहेर जात नाही. माझं कार्ड आजवर चुकलेलं नाही. हात आपोआप लिहितो.

५ नोव्हेंबर, बुधवार

माझं दुसरं आयुष्य. हे फक्त वहीला सांगतो.

‘मुक्त पडदा’ नावाचं चॅनेल चालवतो. पिक्चर आला की सगळ्यांना फुकट. सभासद १४३, सगळे कंपनीतलेच, पण चालवणारा कोण ते एकालाही माहीत नाही. तिथे माझं नाव ‘अदृश्य राजे’. कॅमेऱ्यावर काळी टेप. व्हीपीएन असं लावलंय की कागदोपत्री मी नेदरलँडमध्ये राहतो. जाहिराती डच भाषेत येतात, वाचता येत नाहीत, म्हणजे तेवढाच खर्च वाचतो. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर, उलटा लिहून.

दर रविवारी सभासदांना मार्गदर्शन. या रविवारचं: तुमचा फोन म्हणजे तुमची बंद खोली, आत काय आहे ते सख्ख्या भावालाही दाखवू नका, प्रायव्हसी हा हक्क आहे. बेचाळीस अंगठे आले.

कँटीनची यल्लव्वा अक्का हल्ली वाढताना म्हणते, काय राजे, अजून स्वल्प भात? योगायोग.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णांच्या मुलाने, चंदनने, पिक्चर काढलाय. ‘आडवा तिट्टा’. पहिलाच. थिएटर मिळालं नाही म्हणून ॲपवर, भाडं भरून बघायचा. अण्णांनी त्यात कामही केलंय, एसटी ड्रायव्हरचं. जेवणाच्या सुट्टीत ताटाताटांतून फिरून सांगत होते, बघा रे, पण ॲपवरच बघा, पोराला पुढचा पिक्चर मिळायचा तर किती जणांनी बघितला तेच विचारतात.

तिथे माझा आणि अण्णांचा वाद झाला. मी म्हणालो, इंटरनेट हे हवेसारखं आहे, हवेला तिकीट नसतं. ते म्हणाले, तू आठ तास उभा राहून भरलेला क्रेट कुणी उचलून नेला तर? मी म्हणालो, क्रेट नेला तर क्रेट जातो. पिक्चरची कॉपी केली तर पिक्चर जागच्या जागी राहतो, गेलं काय? अण्णांनी ताकाचा पेला संपवला. मग सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणून उठले.

वाद जिंकला. अण्णांपुढे बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी.

९ नोव्हेंबर, रविवार

विचार केला. अण्णांना किती जणांनी बघितला हे महत्त्वाचं. भाडं भरून कोण बघणार? फुकट दिला तर १४३ जण बघतील. म्हणजे अण्णांची खरी सेवा मीच करू शकतो. सहीच्या आधी अशी सेवा झालेली बरी. गुप्तच, अर्थात.

खोट्या नावाने भाडं भरलं. ॲप रेकॉर्डिंग करू देत नाही, पडदा काळा होतो. म्हणून शिवाप्पाच्या फोनवर पिक्चर लावला, समोर तांदळाच्या डब्याला टेकवून माझा फोन. कॅमेऱ्यावरची टेप काढायला विसरलो, पहिली वीस मिनिटं अंधार. पुन्हा सुरुवातीपासून. शिवाप्पाला सांगितलं, दोन तास खोकायचं नाही. त्याने पाळलं, पण भात लावू नको हे मी सांगितलं नव्हतं.

शेवटची चौदा मिनिटं राहिली. फोनमध्ये जागा संपली. एसटी निघून जाते आणि बाई तिट्ट्याच्या फाट्यावर उभी राहते, तिथपर्यंत आलंय. शेवटासारखाच दिसतो. मी पुढे बघितलंच नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

कामावर जायच्या आधी चॅनेलवर टाकला. अण्णांची शिकवण लक्षात ठेवून फाइलला नीट नावही दिलं. काम गुप्त असलं तरी शिस्त पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कमाल झाली. सगळी शिफ्ट पिक्चरवरच बोलतेय. जो तो अण्णांना थांबवून सांगतोय, बघितला, फार आवडला. अण्णांचा चेहरा फुललेला. दुपारी माझ्या मशीनशी येऊन स्वतः म्हणाले, तुझा फॉर्म वरती पाठवायला काढलाय. मी मान खाली घालून झाकणं मोजत राहिलो. खऱ्या समाजसेवकाला श्रेय नको असतं.

शलाकाला मेसेज केला: कागद आलाच समज.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अण्णांचा चेहरा उतरलेला. चंदनचा फोन आला होता म्हणे. ॲपवर पिक्चर अकरा जणांनी बघितलाय.

अकरातला एक मी.

अण्णा दिवसभर एकेकाला विचारत फिरले, शेवट कसा वाटला? सगळे म्हणाले, एसटी निघून जाते ते फार लागलं. पॅकिंगच्या एकाने तर सांगितलं, बाई एकटी उभी असते आणि लांबून कुकरच्या चार शिट्ट्या ऐकू येतात, तिथे रडू आलं.

हे अण्णा का विचारतायत कळत नाही. म्हातारपणी कौतुकाची भूक वाढते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अण्णांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, सही.

टेबलावर डावीकडे माझा फॉर्म. उजवीकडे यल्लव्वा अक्काचा फोन, त्यात ‘मुक्त पडदा’ उघडा. अक्का सभासद आहे हे मला माहीत नव्हतं.

अण्णा शांत होते. “मी तिट्ट्यावर एसटी वळवून परत आणतो. त्याच सीनसाठी पोराने मला घेतलं. इतक्या लोकांनी पिक्चर बघितला, आणि एसटी परत आलेली एकालाही दिसली नाही. सगळ्या पीसमध्ये एकच डिफेक्ट असेल तर आपण काय म्हणतो?”

मी म्हणालो, साचा एकच.

“आणि शेतात कुकर कुणी लावला?”

मी म्हणालो, इंटरनेटवर कुणी काय केलं हे कधीच कळत नाही अण्णा, ती माणसं नेदरलँडमध्येसुद्धा असू शकतात. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. फाइलचं नाव: आडवा-तिट्टा-बी-०७-४१७.

दुसरी शिफ्ट, मशीन सात, टोकन ४१७. हात आपोआप लिहितो.

अण्णांनी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, “खराब लॉट गेला की ज्याचं कार्ड त्याने जाऊन एकेक पीस परत आणायचा. कर रिकॉल.”

म्हणजे १४३ जणांच्या फोनमधून फाइल काढायची आणि त्यांना ॲपवर पिक्चर बघायला लावायचा. तीस तारखेपर्यंत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रिकॉल सोपं आहे. माझ्या शब्दाला सभासदांत वजन आहे. आधी पटवायचं, मग डिलीट. आठवडा पुरे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डिलीट करतो म्हणाले: ३६. केलंस का दाखव म्हटल्यावर दाखवणारे: २.

बाकीचे म्हणतात, आमचा फोन म्हणजे आमची बंद खोली. एकाने तर माझ्याच मार्गदर्शनाचा स्क्रीनशॉट काढून मला दाखवला. दुसरा म्हणाला, हवेला तिकीट असतं काय राजे? म्हणजे यालाही माहीत. शिवाप्पाला विचारलं, मी राजे आहे हे किती जणांना ठाऊक आहे? तो म्हणाला, चॅनेल सुरू झालं त्या दिवशी तूच कँटीनमध्ये सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून दिलं होतंस.

हे खरं आहे. पण मी कुणाला नाव सांगितलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

मार्गदर्शन केलं नाही.

स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरावर भाडं भरलं. व्हीपीएन बंद. राहिलेली चौदा मिनिटं बघितली.

एसटी लांब जाते, ठिपका होते. बराच वेळ काहीच होत नाही. मग ठिपका मोठा होऊ लागतो. अण्णा एसटी घेऊन परत येतात, दार उघडतात, बाईकडे बघतसुद्धा नाहीत, नुसते समोर बघत थांबून राहतात. ती चढते. एवढंच.

शिवाप्पा मिरची भाजत होता. म्हणून डोळ्यांत पाणी आलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ॲपवर एकोणतीस. नव्या अठरा जणांनी फाइलही काढली, मी धरून. अण्णांना सांगितलं, अकराचे एकोणतीस म्हणजे दुपटीहून जास्त. ते म्हणाले, रिकॉल टक्क्यात सांगायचा नसतो. अजून किती पीस बाहेर आहेत?

१ डिसेंबर, सोमवार

यादी लागली. माझं नाव आहे. ‘प्रोबेशन सहा महिने वाढवले’ या मथळ्याखाली. पुढे शेरा, अण्णांच्या अक्षरात: टोकन व कार्ड लिहिण्यात अचूक.

यल्लव्वा अक्काने न विचारता जास्त भात वाढला. राजे म्हणाली नाही. तेच जास्त लागलं.

संध्याकाळी शलाकाच्या वडिलांचा मेसेज. गावच्या ग्रुपवर एक पिक्चर आलाय, तुमच्या बेंगळुरूकडूनच आलेला दिसतो, चांगला आहे पण शेवटी बाईचं पुढे काय झालं ते कळलं नाही, आणि खाली बी-०७-४१७ असं लिहिलंय, हा कोण तुमच्या ओळखीचा?

फाइल गावापर्यंत गेली. मी ॲपची लिंक पाठवली. लिहिलं, मामा, यावर बघा, एसटी परत येते.

त्यांचं उत्तर: ते ॲप नाव आणि मोबाइल नंबर मागतंय. आम्ही असं कुठेही देत नाही. तुम्हीही देत जाऊ नका, जग वाईट आहे.

उद्या परत लिहीन. रिकॉल शिल्लक: १२५. अधिक गडहिंग्लज.