पागोट्याच्या डोंगरावर, शिट्टीशिवाय

८ डिसेंबर, सोमवार
मेहुणा जीवन दुकानात आला. स्वतःचा ऑटो विकला म्हणे, आणि त्या पैशात माईक, शिट्टी आणि लाल टोप्या घेतल्या. आता त्याच्या गावामागच्या पागोट्याच्या डोंगरावर गाईडेड टूर नेणार. रझाकारांच्या धामधुमीत बायकापोरं, गुरंढोरं घेऊन गाव त्या डोंगरावर चढलं होतं. लढणारे मोजकेच. म्हणून वरच्या जुन्या तटावर काठ्या रोवून प्रत्येकीवर एक पागोटं ठेवलं. खालून वाटलं, शेकडो माणसं उभी आहेत. रझाकार पायथ्यावरून परत गेले.

पहिली टूर २१ तारखेला. हायवेवरचे लॉजवाले सुधाकरराव स्वतः येणार आहेत. त्यांना आवडली तर त्यांची गिऱ्हाइकं दर रविवारी जीवनकडे. नाही आवडली तर जीवन दुसऱ्याचा ऑटो भाड्यानं चालवणार.

पत्रक मीच टाईप केलं, छापलं. फुकट. जावई म्हणून तेवढं करायलाच हवं. खाली फक्त माझ्या झेरॉक्स सेंटरची जाहिरात टाकली. जागा पुरेना, तेव्हा त्याच्या मजकुरातल्या दोन ओळी काढल्या: 'पाण्याच्या टाक्याजवळ डावी वाट घेऊ नये. ती समोरच्या डोंगरावर जाते.' एवढा मोठा डोंगर डोळ्यांसमोर असताना हे कुणाला सांगायला लागतं?

१० डिसेंबर
बायकोनं, म्हणजे नीलिमानं, आम्हा दोघांची नावं भावाकडे परस्पर दिली. चौकशी केली. गाईड पुढे, लोक मागे रांगेत. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

मी त्या गावचा जावई. आजवर त्या गावात मी गादी घातलेल्या बाजेवर बसलो आहे. मला कुणी शिट्टी वाजवून उठवलेलं नाही.

निश्चय: स्वतंत्र जाणार. इतिहासाला शांततेत भेटावं, माईकवरून नाही. शेजारच्या रामाजीचंही नाव काढून घेतलं, माझ्यासोबत येईल. गर्दी कमी झाली तर जीवनलाच सोपं.

१४ डिसेंबर, पहाटे
सराव सुरू. बसस्टँडपर्यंत चाललो. चहा घेतला. ऑटोनं परतलो, कारण उजाडलं होतं.

१६ डिसेंबर
जीवनचा फोन. भाऊजी, तुमच्यासाठी पांढरी टोपी आणली, म्हणाला, बाकी सगळ्यायची लाल हाय. बरं बरं म्हणालो. हे मी टोपीला म्हणालो, टूरला नाही. तरी रात्री जेवण नीट गेलं नाही. वांगं तिखट होतं बहुतेक.

२० डिसेंबर
नीलिमाला कळलं. रामाजीच्या बायकोनं सांगितलं. काऊन असं करून राह्यले, म्हणाली, पोरगं इतकं धडपडून राह्यलं, अन् घरचाच मानूस वेगळ्या वाटेनं? रस्ता तरी माहीत हाय काय? मी शांतपणे सांगितलं, पत्रक मी टाईप केलं आहे, डोंगर मला पाठ आहे. यावर ती म्हणाली, लग्नपत्रिका टाईप केल्यानं कोनी नवरदेव होते काय?

ती भावासोबतच जाणार आहे. जाऊ दे. तुलना तरी होईल.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी
त्यांच्या आधी निघालो. गावातून जायला नको म्हणून गाडी नाल्याकडून घातली. सासूबाई अंगणात होत्या. मान खाली घालून निघून गेलो. हेल्मेट होतंच.

त्याच दिवशी, पाण्याच्या टाक्याजवळ
वाटा दोन. पत्रक काढलं. ज्या जागी वाटेचं काही असायला हवं, तिथे माझ्या दुकानाचा फोन नंबर आहे. रामाजी म्हणाला, लाव मंग फोन, दुकानात कोनी असन तर सांगन. डावी वाट रुंद होती. ऐतिहासिक वाट रुंदच असणार. पागोटी काय कमी वर न्यावी लागली असतील?

दुपारी, माथ्यावर
पोचलो. तट दिसत नाही. रामाजीला समजावलं की काळाच्या ओघात दगड जातात. सगळेच काय, विचारलं त्यानं. मी इतिहास सांगायला लागलो, तेवढ्यात समोरच्या डोंगरावर शिट्टी वाजली. तिथे तट आहे. तटावर लाल टोप्या आहेत. एक पांढरी टोपी आहे, ती नीलिमाच्या डोक्यावर.

आता उतरणार.

रात्री, घरी परतल्यावर
उतरताना दगड हलला. मुरगळला पाय माझा. रेंज नव्हती. रामाजीचा दुपट्टा काठीला बांधला, काठी हलवत राहिलो, हात भरून आल्यावर दगडांत रोवली. समोरून टाळ्या ऐकू आल्या. नंतर कळलं, जीवन नेमकी काठीवरच्या पागोट्यांची गोष्ट सांगत होता. सुधाकररावांना वाटलं, हा टूरमधलाच आयटम. ते म्हणाले, वा, प्रात्यक्षिक पण ठेवलं!

मग जीवननं रामाजीचा पिवळा शर्ट ओळखला. बहिणीच्या हातात माईक दिला आणि पळत सुटला. मला पाठीवर घेऊन पायथ्यापर्यंत आणलं. मी म्हणालो, थोडं चालतो. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या भाऊजी. दम लागला होता, म्हणून जास्त बोलला नसेल.

तोवर वरची माणसं उन्हात बसून होती. पाणी संपलं. शेवटी नीलिमानंच त्यांना खाली आणलं. सुधाकरराव गाडीत बसता बसता म्हणाले, गिऱ्हाइकाला डोंगरावर सोडून जाणाऱ्या गाईडकडे मी फॅमिल्या पाठवू शकत नाही. कुणाला आणायला गेला होता, ते जीवननं त्यांना सांगितलं नाही. जावयाचं नाव कसं घेणार?

सासरी बाजेवर गादी घातलेली होती. सासूबाईंनी पायाला गरम हळद लावली. मग नारळ आणि शेला पुढे ठेवून म्हणाल्या, जवाईबापू, तुमी आमच्या शिवारात पडले, आमच्या पोराकडून कमी पडलं. राग नका धरू.

मी वाट पाहत होतो, कुणीतरी ओरडेल म्हणून. त्या घरात जावयाला ओरडत नाहीत. जीवननं एवढंच विचारलं, भाऊजी, पत्रकात टाक्याजवळचं होतं नं? मी म्हणालो, शाई पुसट आली असेल.

शेला घेऊन आलो आहे. चांगला आहे. कपाटात वर ठेवला, दिसणार नाही असा.

२४ डिसेंबर
निश्चय: सुधाकररावांकडे जाऊन सगळं खरं सांगणार. दोष माझा, जीवनचा नाही. पाय बरा झाला की लगेच.

२७ डिसेंबर
पाय बरा आहे. पण वर्षअखेर. लॉजवाल्यांची धावपळ असते.

३० डिसेंबर
गेलो. सुधाकररावांनी पायाची चौकशी केली. यांना कसं कळलं असेल, या विचारात चहा संपला. मग ते म्हणाले, जिन्यावरून पडलात म्हणे, जपून उतरत जा. मूळ विषय निघालाच नाही. निघताना त्यांनी लॉजची रजिस्टरं छापायची ऑर्डर दिली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. घेतली.

५ जानेवारी
जीवन आता कुणाचा तरी ऑटो बोथ गावाच्या रस्त्यावर चालवतो. दुकानासमोरून गेला. हॉर्न दिला. मी काउंटरखाली स्टेपलर शोधत होतो. स्टेपलर काउंटरवरच होता.

११ जानेवारी
बस झालं. भरपाई करणार. १८ तारखेला जीवनसाठी माणसं मी जमवणार, निदान वीस. जीवनला फोन करून सांगितलं. तो दिवसभर ऑटो बंद ठेवणार आहे. नवीन पत्रक काढलं. त्या दोन ओळी परत घातल्या. जाहिरात लहान केली.

१५ जानेवारी
चौदा जण पक्के. उरलेले तिळगुळाच्या निमित्तानं होतील.

१७ जानेवारी
चौदांपैकी काहींना कापूस वेचायचा आहे. काहींनी फोन उचलला नाही. रामाजी म्हणाला, तुमच्यासंगं डोंगर? एकदा पाह्यला बाप्पा, थो भी चुकीचा.

१८ जानेवारी, रविवार, रात्री
दोघं गेलो. मी आणि नीलिमा.

जीवन इस्त्रीचा शर्ट घालून पायथ्याशी उभा होता. आमच्या मागे कुणी येतंय का, हे त्यानं एकदाच पाहिलं. मग मला पांढरी टोपी दिली, माईक चालू केला आणि म्हणाला, पागोट्याच्या डोंगरावर तुमचं सगळ्यायचं स्वागत हाय.

मी मागे चाललो. एका शिट्टीला थांबलो. दोन शिट्ट्यांना निघालो. टाक्याजवळ तो माईकवर म्हणाला, डावी वाट घेऊ नये, ती समोरच्या डोंगरावर जाते. शब्दन् शब्द तोच. मग माईक खाली करून म्हणाला, जागा कमी असली का ह्याच दोन ओळी जातात, नाई का भाऊजी? मी तोंड उघडलं. त्यानं दोन शिट्ट्या वाजवल्या.

वर तट आहे. दगडही जागेवर आहेत. गोष्ट तो फार चांगली सांगतो. समोरच्या डोंगरावर रामाजीचा दुपट्टा अजून काठीवर फडफडत होता. जीवननं तिकडे पाहिलं आणि विषय बदलला. नीलिमानं बदलला नाही. म्हणाली, तवा काठीखाली मानूस नव्हता, तरी गाव वाचलं. तिथं तर मानूस होता.

खाली आल्यावर तिकिटाचे पैसे पुढे केले. जवायाकडून घेत नाई, म्हणाला. टोपी मात्र परत मागितली. टोप्या आणि माईक उद्या बोथच्या बँडवाल्याला द्यायचे आहेत, बोलणं झालं आहे. ही टूर फक्त मी जमवलेल्या लोकांसाठी ठेवली होती.

उद्या सोमवार. सकाळीच सुधाकररावांकडे जाणार आणि सगळं सांगणार. बँडवाला यायच्या आत. रजिस्टरंही तयार आहेत, तीही पोचवायचीच आहेत.

आधी रजिस्टरं.