निकट म्हणजे कोण?

नाना,

अर्ज लिहायला बसले होते. कोरा कागद घेतला, वर ‘प्रति’ लिहिलं, आणि ‘महोदय’ लिहायचं तिथे हातून ‘नाना’ उतरलं. खोडायला गेले आणि खोडलं नाही. रविवारची दुपार आहे, खाली कुणीतरी गाडी धुतंय, आणि मी मघापासून तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा गच्चीवरचे कपडे काढायला, ते ओलेच होते, आणि एकदा उगाच. तुम्ही असता तर म्हणाला असता, एका जागी बूड टेकव गं बाई. टेकवलंय. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या नाहीत, आता अडल्यावर आठवण झाली. तेवढं चालवून घ्या.

तुमचा भोंगा मला लहानपणी नकोसा व्हायचा. नगरपालिकेने ठरवलेला टांगा, टांग्यावर बांधलेला भोंगा, पायाशी बॅटरी, आणि तुम्ही पंचवटीच्या गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत फिरणार. लस टोचून घ्या, डबकी बुजवा, फवारणीवाले आले की भांडी झाका. गोदेला पूर येऊन गेला की आठ-आठ दिवस तुमच्या जेवणाचे वांधे. ऑफिसातून आलेला कागद तुम्ही आधी घरी आणायचात. आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तिला वाचून दाखवायचात. ‘नागरिकांनी पाणी निर्जंतुक करूनच प्राशन करावे.’ आई तव्यावरची भाकरी उलटत विचारते, “म्हंजे?” तुमची लाल पेन्सिल त्या शब्दावर फिरते. ती परत ‘म्हंजे’ म्हणाली की अख्खं वाक्यच बाद. मग भोंग्यावर जायचं ते असं: “बायांनो, पाण्याला उकळी फुटू द्या. फुटली की लगेच उतरवू नका. शंभरपर्यंत मोजा. मोजता येत नसेल तर एक आरती पुरी म्हणा, मग उतरवा.” साहेबांनी तुम्हाला बोलावून झापलं होतं, सरकारी सूचनेत आरती कुठून आली म्हणून. तुम्ही म्हणालात, “साहेब, आरती फक्त आमच्या गल्लीत. चौकाच्या पलीकडं दुसरं सांगतो.” हे तुम्ही घरी येऊन आईला सांगत होतात आणि ती हसून हसून बेजार झाली होती.

मला मात्र हसू येत नव्हतं. सातवीत होते. वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत नाकाला रुमाल लावून म्हणाली, “हिचे वडील भोंग्यावर हगवण हगवण ओरडतात,” आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि तुम्हाला ऐकवलं की त्याला अतिसार म्हणतात, पुस्तकात दिलंय, निदान तेवढं तरी शुद्ध बोला. तुम्ही रागावला नाहीत. सदऱ्याची बटणं लावत म्हणालात, “जा, शेजारच्या काकूंना विचारून ये, घरात कुणाला अतिसार झालाय का.” मी तणतणत गेले, आणि शब्द जरा तोऱ्यातच उच्चारला असणार. काकूंनी आत वळून विचारलं, “अहो, आपल्याकडं अतिसार म्हणून कुणी आलंय का?” मग मला म्हणाल्या, “आमच्याकडं नाही बाई. वरच्या मजल्यावर यात्रेकरू उतरलेत, तिथं विचार.” तुम्ही दारात उभं राहून ऐकत होतात. काकूंना तुम्ही तुमच्या शब्दात विचारलंत, तेव्हा कळलं की त्यांची धाकटी दोन दिवसांपासून आत निपचित पडलीय. तुम्ही तिला तशीच उचलून टांग्यात घातलंत. ती वाचली. नंतर तुम्ही मला त्यावरून एका शब्दाने बोलला नाहीत, आणि मी पण माझी चूक झाली असं काही म्हणाले नाही.

टायपिंगची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन आणलं होतंत. म्हणालात, “लिही खुशाल शुद्ध. फक्त बाहेर पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवत जा.” त्याच वर्षी तुम्ही गेलात. तेराव्यानंतर तुमच्या ऑफिसातले एक काका घरी आले. कपातला चहा बशीत ओतत आईला म्हणाले, “वहिनी, पोरीला सोमवारी ऑफिसात पाठवा. ह्यांच्या माघारी तिला नोकरीला घेतील. येताना मृत्यूचा दाखला तेवढा आणा, बाकीचं मी लिहितो.” आईला सगळं कळलं. अनुकंपा हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या ऑर्डरवर. काकांनी तो आमच्या स्वयंपाकघरात काढला असता, तर आईने मान डोलावून त्यांना चहा पाजून वाटेला लावलं असतं, आणि मी आज कुठे असते कुणास ठाऊक. नोकरीची पहिली दोन वर्षं मी आईला माझी पत्रं वाचून दाखवली. मग सोडून दिलं. मला वाटायचं, मी काय भोंग्यावर ओरडणार आहे थोडीच.

ओरडले, नाना. करोना आला. तुमच्या वेळच्या पटकीसारखी साथ, पण सगळ्या जगात एकदम. आता कचरा न्यायला रोज दारात घंटागाडी येते, तिच्यावर स्पीकर असतो. माझं मराठी चांगलं म्हणून आमच्या विभागीय कार्यालयात सूचना मीच लिहायच्या, आणि आवाज खणखणीत म्हणून साहेबांच्या मोबाइलवर रेकॉर्डही मीच करायच्या. सगळं शहर बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि सकाळी सातला माझाच आवाज माझ्या खिडकीखालून जायचा. ‘सहव्याधी असलेल्या नागरिकांनी अनावश्यक संपर्क टाळावा.’ साहेब म्हणाले, मॅडम, काय भाषा आहे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आई तोवर गेलेली होती, त्यामुळे ‘म्हंजे’ विचारायला घरात कुणी नव्हतं. पण दारात होतं. तेच तर सांगायला बसलेय.

माझ्या दारावर एक पालेभाजीवाली येते. पेठ तालुक्याकडची. लग्न होऊन इकडे आली, नवरा मार्केटात हमाल, ही डोक्यावर पाटी घेऊन आमच्या कॉलनीत. त्या बंदच्या दिवसांतही पोलिसांची नजर चुकवून फाटकातून मेथीची जुडी आत टाकायची आणि लांब उभी राहायची. दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. मला कळलं तेव्हा मी फाटकाच्या आतूनच हळहळले, कारण जवळ जायची सोय नव्हती. पुढे करोनात गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारने मदत जाहीर केली. त्याचीही सूचना मीच लिहिली. ‘कोविडने निधन पावलेल्या व्यक्तींच्या निकटच्या नातेवाइकांना सानुग्रह साहाय्य देण्यात येत असून निकटच्या नातेवाइकांनी विहित मुदतीत अर्ज सादर करावेत.’ कितीतरी सकाळी ते वाजलं. ती रोज त्याच वेळी माझ्या फाटकाशी असायची. मी भाजी घ्यायचे आणि आत यायचे. तिने अर्ज केलाच असेल, असं धरून चालले होते. नाही, तेही खरं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या महिन्यात ती जुड्या सोडता सोडता म्हणाली, पोरीला नर्सिंगला नंबर लागतोय, पण फी नाय जमत, द्राक्षाच्या पॅकिंगला धाडते. मी म्हटलं, अगं, नवऱ्याचे करोनाचे पैसे मिळाले होते ना, ते कुठे गेले. तर ती म्हणाली, “मला कुठले मिळतील ताई? ते निकटच्यांना व्हते.” मला आधी कळेना ती काय म्हणतेय. “तुम्हीच सांगत व्हत्या की गाडीवर. मी पोरीला म्हनायचे, आयक, आपल्या ताई बोलत्यात. निकटच्यांना म्हंजे जे शेवटाला जवळ व्हते त्यांना. मी नव्हते.” मग पाटीच्या काठावर हात फिरवत तिने सांगितलं. दवाखान्याच्या फाटकावर तिला विचारलं होतं, कागदावर सही करून एकाला आत जाता येईल, जाताय का. घरी पोर एकटी होती. “मी भ्याले ताई. मागं सरकले. तिसऱ्या दिवशी फोन आला. मंग गाडीवर आयकलं तवा मनानं घेतलं, बरोबरच हाय. जे आत गेले त्यांना देत्यात. मी नाय गेले, मला नाय.” एवढं सांगून तिने माझ्या हातात कोथिंबीर दिली आणि म्हणाली, आज मेथी घेऊ नका, जून हाय.

चार वर्षं ही बाई मनाशी धरून बसली होती की सरकारने सुद्धा तिला दोषी ठरवलंय, आणि तो निवाडा तिला माझ्या आवाजात रोज सकाळी ऐकू येत होता. ‘नवरा गेला असेल तर बायकोने यायचं, बाप गेला असेल तर पोरांनी यायचं,’ एवढं म्हणायला काय झालं होतं मला? तुम्ही तेच म्हणाला असतात. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की निकट म्हणजे बायकोच, दुसरं कुणी नाही, तुझ्याहून निकट कोण असणार. तिने एकदम पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “मंग तसं बोलायचं ना.” रागाने नाही, आपलं साधंच.

मुदत केव्हाच संपलीय. उशिरा आलेले अर्ज एका समितीपुढे जातात आणि उशिराचं कारण पटलं तरच घेतात. मी साहेबांना म्हटलं, कारणात खरं ते लिहिते, कार्यालयाच्या घोषणेतल्या शब्दाचा अर्थ वेगळा समजला म्हणून. साहेब माणूस वाईट नाही. तो म्हणाला, “मॅडम, पटेल तर तेच पटेल. पण समिती विचारेल घोषणा कुणी लिहिली, मंजुरी कुणाची. पुढच्या वर्षी तुम्ही रिटायर, पेन्शनची फाईल चाललीय, कशाला हात दाखवून अवलक्षण? अनभिज्ञ होती म्हणून लिहा. सगळे तेच लिहितात.” मी विचारलं, त्यावर मंजूर होतात का. तो म्हणाला, “काही होतात.” आणि मी जागेवर येऊन टाइप केलं: ‘सदर योजनेबाबत मी अनभिज्ञ असल्यामुळे अर्ज करण्यास विलंब झाला.’ जिने योजना रोज सकाळी माझ्याच तोंडून ऐकली, तिच्या नावावर.

मंगळवारी तिला ऑफिसात बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मी अर्ज वाचून दाखवला. ती त्या शब्दापाशी थांबली. “अनभि काय म्हंजे?” नाना, ऑफिसात पंखा चालू होता, लोक येत-जात होते, आणि मला आईचे पिठाचे हात दिसले. मी म्हणाले, “काही नाही गं, लिहायची रीत असते तशी.” तिने मान डोलावली आणि पोरीने शिकवलेली सही जीभ दातात धरून एकेक अक्षर जोडत केली. तो अर्ज मी अजून पुढे दिलेला नाही. ड्रॉवरमध्ये आहे. काल तिने फाटकाशी विचारलं, गेला का अर्ज, तर मी हो म्हणाले. उद्या ती पुन्हा विचारणार. पोरीच्या फीची मुदत या आठवड्याची आहे, निदान अर्जाची पोच दाखवली तर कॉलेज थांबायला तयार आहे.

तेव्हापासून ही अशी उठबस चाललीय. नवा अर्ज हाताने लिहायचा म्हणून तुमचं पेन काढलं, नवी शाई भरली. लिहायचंय ते एवढंच: ‘गाडीवर निकट हा शब्द वाजत होता. तो मला कळला नाही. तो शब्द कार्यालयातल्या बाईने लिहिला होता.’ आई असती तर एकदाही म्हंजे म्हणाली नसती. तेवढं लिहायचं सोडून मी तुम्हाला हे सहा कागद लिहिलेत, जे टाकायला पेटी नाही. आता सातवा घेते. उद्या सकाळी फाटकाशी तिला वाचून दाखवेन म्हणतेय, बघू जमतं का. आणि एक राहिलं, ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. मंगळवारी तिने ‘म्हंजे’ विचारलं ना, तेव्हा मला लाज नंतर वाटली. आधी तिचा राग आला होता.