शेवटाआधी बंद केलेली कॅसेट

बाबा, सौदीतल्या यान्बूच्या त्या घरात दर शुक्रवारी दुपारी पडदे ओढून आपण दोघं चिनी सिनेमे बघायचो. रिफायनरीतले तुमचे मित्र चिनी सिनेमा म्हणजे नुसती हाणामारी समजायचे. तुमचा तैवानी सहकारी मात्र सुटीवरून येताना कॅसेट आणायचा आणि तुम्ही मला एकेक दाखवत गेलात. तलवार घेऊन छपरांवरून झेपावणाऱ्या हाँगकाँगच्या बायका. गाण्यांचे सिनेमे, ज्यांत नायकाचं कामही बाईच करायची. तैवानचे संथ सिनेमे. अख्खं कुटुंब जेवतंय, कॅमेरा दारातच उभा, आणि तुम्ही पुटपुटताय, आता बघ, म्हातारा वाटी बाजूला सारेल. इंग्रजी सबटायटल्स तुम्ही मला मराठीत वाचून दाखवायचात. आई येऊन बसली की वाचणं थांबायचं. पडद्यावरची ती बाई काय म्हणाली, असं तिनं विचारलं की तुम्ही म्हणायचात, इतक्या वर्षांत इंग्रजी शिकायला कुणी अडवलं होतं?

शांघायचा एक जुना मूकपट मात्र तिला न वाचता कळला. गिरणीत राबणाऱ्या, लेकीपासून तुटलेल्या बाईचा. दाराशी उभी राहून तिनं तो पूर्ण पाहिला, पदरानं डोळे पुसले. संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा तुम्ही खांद्यावर टॉवेल घेऊन तिचं रडणं करून दाखवलंत. सगळे हसले. चहाचा ट्रे घेऊन ती तिथेच उभी होती. त्यानंतर सिनेमा चालू असताना ती कधी बाहेरच्या खोलीत आली नाही.

मग तुम्हाला पक्षाघात झाला, वाचा गेली. तुम्हाला भारतात न्यायचे कागद कफीलकडे, ज्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही त्या मालकाकडे, अडकले होते. तो तैवानी सहकारी भेटायला आला तो नवी कॅसेट घेऊन. युद्धात ताटातूट झालेल्या दोन बहिणी. आईनं ती लावली आणि पहिल्यांदाच तुमच्याशेजारी बसली. धाकटी बंदरावर बोटीची वाट बघत उभी आहे, आणि आई रिमोट उचलते.

"पुढचं तुम्हाला कळलंच असेल," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं कळतं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीपासून, पुन्हा तिथेच बंद. मग रोजच. तुम्ही घशातून आवाज काढायचात, माझ्याकडे बघायचात. मी उठून तुमची उशी सारखी करायचे. कागद यायच्या आधीच तुम्ही गेलात.

इतक्या वर्षांच्या बंदीनंतर आता इथे थिएटरं उघडलीत. गेल्या महिन्यात जेद्दाला जुन्या चिनी सिनेमांचे खेळ होते, त्यात तो दोन बहिणींचा सिनेमा लागला. बोट धक्क्याला लागली. कोण उतरलं, ते मी पाहिलं. आईला फोनवर शेवट सांगितला. तिनं तो दोनदा सांगायला लावला. तुम्हालाही कळवावा म्हणून हे लिहायला घेतलं होतं. इथवर आल्यावर लक्षात येतंय, मला तो तुम्हाला सांगायचाच नाहीये.