सात दिवसांचा नियम

३ डिसेंबर, सकाळ
होटगी रोडच्या ज्येष्ठ निवासात आजचा बारावा दिवस. बाकीचे चौदा जण इथले रहिवासी. मी नाही. शुक्रवार पेठेत माझ्या खोलीत नातवासाठी स्टडी टेबल बसवतायत, तेवढ्यापुरतं माझ्या मुलाने, सोमलिंगने, मला इथं ठेवलंय. एका टेबलाला किती दिवस लागणार!
तोवर रिकामं बसणं स्वभावात नाही. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढली. परवा इथं दोघांना फ्लू, आज तिसऱ्याला. इमारतच साथीला बोलावणारी. मॅनेजर प्रदीपला म्हणालो, आराखडा मी करून देतो. तो म्हणाला, "करा की काका, तेवढाच वेळ जाईल तुमचा." म्हणजे सल्लागार म्हणून नेमणूक झाली.

५ डिसेंबर
आराखडा तयार. पलंगांमध्ये सहा फूट. हात धुवायला पायाने चालणारा नळ. कॉरिडॉरमध्ये बाण रंगवून एकेरी वाहतूक. पाहुण्यांसाठी काच. मागच्या स्टोअर रूमची खिडकी मोठी करून तिथं आयसोलेशन रूम.
रूममेट यशवंतरावांना दाखवला. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. म्हणाले, "सहा फुटांवरनं गप्पा कशा मारायच्या?" शास्त्राचा गंध नाही.

११ डिसेंबर
बाण रंगवून झाले. आता तीन नंबरच्या खोलीतून शेजारच्याच संडासात जायला अख्ख्या अंगणाला फेरी पडते. यशवंतराव उलट्या दिशेने गेले. समज दिली. "वय बघा की सायेब," म्हणाले. वय ही सबब चालणार नाही.
नळाचं पेडल दाबायला गुडघा धड लागतो. तो इथं कुणाचाच नाही. त्यामुळे केराबाई पेडलवर उभी राहते आणि सगळे हात धुतात. स्वयंपाक, झाडलोट तिच्याकडेच. "म्या सैपाक करू का नळावर हुबी ऱ्हाऊ?" असं प्रदीपला विचारत होती. ट्रेनिंग कमी पडतंय.

१८ डिसेंबर
इथल्या काशम्मांची बहीण अक्कलकोटहून आली होती. काचेतून आवाज जात नाही, हे काच बसल्यावर कळलं. दोघी कानडीत ओरडल्या, मग नुसत्या बघत बसल्या. बहिणीने काचेला हात लावला. जाताच पुसून घ्यायला सांगितलं. जेवताना काशम्मा माझ्याशी बोलल्या नाहीत.
फ्लूचे नवे पेशंट: शून्य. हे कुणी बोलत नाही.

२६ डिसेंबर
नवा नियम सुचवला. बाहेर जाऊन येईल त्याने सात दिवस आयसोलेशन रूममध्ये राहायचं. सल्लागाराला सवलत असावी, असंही सुचवलं. प्रदीपने जेवणाच्या हॉलमध्ये मतं घेतली. नियम मंजूर. सवलतीच्या विरोधात चौदा, बाजूने मी. काशम्मांनी दोन्ही हात वर केले होते.
बिघडलं नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला मी घरी जाणार, तो कायमचाच.

४ जानेवारी
सोमलिंगला फोन. यात्रेला घ्यायला कधी येतोस, विचारलं. नियम त्याला प्रदीपकडून कळलेला. म्हणाला, "नियम अगदी बरोबर आहे तुमचा, पप्पा. यात्रेत केवढी गर्दी असते. उगाच इन्फेक्शन नको." मुलाला माझ्या कामाची कदर आहे. फक्त मुद्दा त्याच्या लक्षात आला नाही. टेबल बसून महिना झाला म्हणे.

१० जानेवारी
तीन फोन केले. तिन्ही वेळा मीटिंग.
निर्णय: सरप्राइज द्यायचं. बॅग भरली.

१४ जानेवारी, सकाळी ८
यशवंतरावांना सांगितलं, मुलगा चौकात गाडी घेऊन थांबलाय. ते गेटपर्यंत बॅग घेऊन आले. पुढे रिक्षा केली. सरप्राइज फुटू नये म्हणून मोबाइल बंद ठेवलाय.

१४ जानेवारी, संध्याकाळी ५
परत आलो.
घराला कुलूप. शेजारच्या सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या, "सगळे कालच गोव्याला गेले की. तुम्हाला बोलले नाहीत?" बोलला होता, मीच विसरलो, असं सांगितलं. खिडकीतून माझी खोली पाहिली. टेबल चांगलं आहे. पलंग दिसला नाही. पायरीवर बसलो. सिद्धेश्वरीबाईंनी शेंगापोळी दिली, ती खाल्ली.
इथं गेटवर प्रदीप उभा होता. त्याने सात दिवसांच्या नियमाच्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

१६ जानेवारी, आयसोलेशन रूम
हवा खेळती. डिझाइनमध्ये दोष नाही. कडी बाहेरून, हेही मीच लिहिलं होतं. फार तर ते बदलता आलं असतं.
यशवंतराव दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. सहा फूट भरतं की नाही, आतून मोजता येत नाही. घरी काय काय झालं, विचारत होते. सांगितलं: सुनेने गुळाची पोळी केली होती, नातू सोडतच नव्हता, त्याला घेऊन गड्ड्यावर गेलो. प्रवासखर्चासकट सगळं पटण्यासारखं सांगितलं. ते म्हणाले, "लई ब्येस."

१९ जानेवारी
सकाळी केराबाईने चहा आत सरकवला आणि म्हणाली, "तुमी गेलात आन् अर्ध्या तासात तुमच्या पोराचा हापिसात फोन. तुमचा मोबाइल लागंना म्हन. घर बंद हाय, पप्पांना तिकडं पाठवू नका म्हनला. यशवंत सायबांनीच घेतला की फोन."
म्हणजे यशवंतरावांना चौदा तारखेपासून माहीत आहे. केराबाईलाही. म्हणजे सगळ्यांनाच.
दुपारी झोपलो असल्याचं नाटक केलं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. यशवंतराव दाराबाहेरून म्हणाले, "नातवाचं त्या दिवशी अर्धंच ऱ्हायलं. पुढं सांगा की."
उठून बसलो. मग सांगायला लागलो. गड्ड्यावरच्या गर्दीपर्यंत आलो आणि अडलो.
ते म्हणाले, "मग पोराला मोठ्या पाळण्यात बसिवलंत का?"
बसवलं, म्हणालो.