एकाच तारेने बांधलेल्या दोघी

आई,

गेल्या महिन्यात माझ्या अंगणात दोन बहिणींनी एकमेकींना फाडलं. कुत्र्या होत्या. रिसोडच्या बाजाराबाहेर कुणीतरी दोघींच्या माना एकाच तारेने आवळून त्यांना काठ्यांनी ठेचलं होतं. तार मांसात रुतली होती. मी त्यांना वाशीमला घरी आणलं. जखमा भरल्या, तरी काळी उठली की तांबडी उठायची. एकीला डॉक्टरकडे नेलं की दुसरी दार खरवडून पंजे रक्ताळून घ्यायची. बघणारे म्हणायचे, यांना एकाच घरी द्या, ताटातूट करू नका. माझंही तेच ठरलं होतं.

मग भांडणं सुरू झाली. आधी नुसती गुरगुर, मग कानाला चावा. त्या दिवशी मी भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला तो भुंकण्याचा नव्हताच. धावत गेले तर तांबडीने काळीचा गळा धरलेला, तारेच्या व्रणावरच, आणि काळीचा एक डोळा रक्ताने बुजलेला. बादलीभर पाणी ओतलं, सुटेनात. शेवटी मध्ये हात घातला. तांबडीचे दात मनगटात शिरले, पार हाडापर्यंत. पिठात रक्त मिसळून हात चिकट झालेले, आणि मी किंचाळतेय, "सोड! मरून जाईन ना ते!" अगदी तुझ्या आवाजात.

तुझा तो आवाज मी एकदाच ऐकलाय. तू शेतातल्या निंदणावरून परत येतेस आणि दारातून बघतेस. ताईने चुलीतलं जळतं लाकूड माझ्या दंडावर दाबलंय, आणि मी तिचं डोकं जात्यावर आपटतेय. कशावरून, ते आज आम्हा दोघींनाही आठवत नाही. बाबा गेल्यापासून आम्ही एका गोधडीत मिठी मारून झोपायचो आणि दिवसा एकमेकींना ओरबाडायचो. तशीच किंचाळत, केसांना धरून तू आम्हाला वेगळं केलंस, हात दुखेपर्यंत दोघींना बडवलंस आणि मग मटकन खाली बसलीस. म्हणालीस, "एक मेली त दुसरीकडं मी कोन्या डोळ्यानं पाहू?" दुसऱ्या दिवशी मला धनजला मावशीकडे सोडलंस. शेजारणी तुला तोंडावर म्हणाल्या, पोटची पोर टाकून आली.

मी कुत्र्यांसाठी दोन घरं शोधतेय हे कळल्यावर ताईचा फोन आला. "काहून तोडून राह्यली त्यायले? आपल्याले तोडलं ते पुरलं नाही का तुले?"

"तोडलं म्हणून आपण दोघी जित्त्या आहो," मी म्हणाले.

मग तिने हळूच विचारलं, "हात लय दुखते काय?"

तांबडीला न्यायला कारंज्याकडची एक शेतकरीण जीप घेऊन आली. मी तिला मनगट दाखवून आधीच सांगितलं, ही चावते. "माह्या घरी दुसरं कुत्रं नाही. मंग कोनाच्या जिवावर उठन ते?" ती म्हणाली. जीप हलली तशी तांबडी मागच्या काचेवर डोकं आपटू लागली, आणि इकडे काळीने साखळीला हिसके देऊन गळ्याची जखम पुन्हा फोडली. रक्त माझ्या साडीवर उडत होतं. मी तिला धरून जमिनीवर बसले आणि मला वाटलं, ताईचं खरं होतं. पुढे काळीही गेली, इथल्याच एका नर्सबाईंकडे. त्यांच्याकडे ती पोटभर जेवू लागली.

मी शेतकरणीला फोन केला. "रडली का?"

"पयल्या रोजी लय रडली जी. मंग भाकर खाल्ली अन् उताणी पडली. पोट वर करून झोपून राह्यली आता." माझ्या अंगणात दोघींपैकी एकही कधी अशी झोपली नव्हती.

दवाखान्यात शेवटी तुझ्या नाकात नळी होती, तरी माझा हात धरून तू तेच म्हणत होतीस, "तुले वनवासात धाडलं मी." आणि मी नुसती मान हलवत राहिले. हे लिहिलेलं मी ताईलाही दाखवणार नाही. पण आई, मावशीकडे पहिल्याच रात्री मला गाढ झोप लागली होती. तुला वाईट वाटेल म्हणून कधी सांगितलं नाही.